पंप बंद केल्यावर

“फोन आला तेव्हा काय करत होतास?” हसनचाचांनी विचारलं.

“हवा काढत होतो,” मोरेश्वर म्हणाला. “सोमवार. रोजच्यासारखंच काम.”

पाचगणीच्या त्या जुन्या बंगल्यात बॉयलरचं गरम पाणी नळ्यांतून फिरायचं, खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर तापवायचं. आठवडाभर आत अडकलेल्या हवेनं नळ्या हातोडा मारल्यागत वाजत होत्या. मोरेश्वर आठला आला. नऊला नाशिकहून पुतण्याचा फोन. थोरला भाऊ, किसनदादा, गेला. त्याला घेऊन गाडी संध्याकाळी गावात पोचेल. काका, आजीला तुम्हीच सांगा.

“हो,” म्हणून त्यानं पुन्हा हवा सोडायची किल्ली उचलली होती.

आता तीन वाजून गेले होते. बंगल्याच्या मालकीण रोशनबाईंनी शेवटी त्याच्या उस्तादाला, हसनचाचांना, फोनचं सांगून बोलावून घेतलं होतं.

“चाचा, अकराच्या अकरा रेडिएटर दोनदा उघडले. तरी वाजतंय. वीस वर्षांत माझं एक काम परत आलेलं नाही. मला काही कळतच नाही.”

“पंप चालू ठेवून उघडलेस?”

“बाईंना थंडी वाजते.”

“बाईंकडे शाल आहे.”

चाचांनी बटण दाबलं. पंप थांबला.

...

“आता?”

“बस.”

“किती वेळ?”

“पाणी फिरतंय तोवर हवा त्यातच घुसळत राहते. थांबलं की आपली वर येते. पहिल्याच वर्षी शिकवलं होतं हे तुला, इंजिनियरसाहेब.”

मोरेश्वरचे कान तापले. हे तर त्याला माहीत होतं. आज सहा तास ते कुठं गेलं होतं?

...

वरच्या मजल्यावर एक रेडिएटर गुडगुडला. मोरेश्वर ताडकन उठला.

“आली हवा वर! किल्ली कुठंय?”

चाचांनी ती आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. “उरलेलं मी बघतो.”

“तुमचे गुडघे! जिना कसा चढणार?”

“बसत बसत.”

“मग मी काय करू?”

चाचा दाराशी गेले. भिंतीला हात टेकून वाकले, मोरेश्वरच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायांसमोर नीट मांडल्या.

“चाचा... हे काय करताय? तुम्ही उस्ताद माझे!”

चाचांना सरळ व्हायला वेळ लागला.

“तुझ्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही,” ते म्हणाले.