वडाची फांदी वेगळी होते म्हणे

“वडाची पूर्वेकडची फांदी म्हणे वेगळी...” झाडं बोलत असत त्या काळी एवढंच माझ्या कानी पडलं. मी शेजारच्या कडुनिंबावरची खार. पुढचं ऐकायला थांबले तर खार कसली! तडक वडावर गेले.

फांदी खोडाला सांगत होती, “आबा, माझी पारंबी जमिनीत रुजलीय. वेगळं व्हायचं का, ते माझ्या पानांना विचारू दे.”

“अगं, तू तुटशील तेव्हा जखम मलाही होईल. मग सगळ्याच पानांना विचारायला हवं.”

“सगळ्यांत माझी पानं मूठभर. म्हणजे मी आधीच हरले की!”

“पण झाडाच्या रीतीत असं विचारणं बसतच नाही.”

“रीत ठरली तेव्हा मी कोंबसुद्धा नव्हते, आबा.”

मी मध्येच म्हटलं, “माझं मत विचाराल तर...”

“खारूताई, तुम्ही कडुनिंबाच्या ना?” दोघं एकदम म्हणाली. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत झालं.

खोडानं ती रुजलेली पारंबी चाचपून पाहिली. मग म्हणालं, “तुझ्याच पानांना विचारू. पण जखमेचं काय करायचं, ते आधी दोघं मिळून ठरवू.”

पानं काय सांगतील, ते अजून फांदीलाही ठाऊक नाही. मी मात्र पलीकडच्या आंब्याला निकाल सांगून आले.