झेंडूच्या पाकळ्या

फार जुनी नव्हे, गेल्या खंडेनवमीनंतरची गोष्ट. केयूरचा गेमिंग कॉम्प्युटर खेळता खेळता अडकू लागला. हाच सुधारावा की नवा जोडावा, याचा त्याला पेच पडला.

आत ग्राफिक्स कार्ड पंख्यावर खेकसलं, "म्हाताऱ्या, तुझ्यामुळे माझा जीव गुदमरतो. केयूर मला नव्यात नेईल, तुला भंगारात देईल."

पंखा नुसता घरघरला.

अखेर कार्ड काढायला केयूरने झाकण उघडलं. पंख्यात वाळलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या. पूजेचा हार त्यानेच वर ठेवला होता. आत मात्र कधी डोकावला नव्हता. मान खाली घालून त्याने पाकळ्या वेचल्या, झाकण लावलं. पंखा भिरभिरू लागला.

"हार आला तेव्हा हा मान माझा, असं तू म्हणालास," पंखा कार्डाला म्हणाला. "पाकळ्या मी गिळल्या."

गार वारा लागत होता, तरी कार्डाचं तोंड तापलेलंच राहिलं.