पाटीवरच्या शेळ्या

फार फार वर्षांपूर्वी, शेळ्या बोलायच्या पण त्यांचं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नाही त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गाव इतकं उतारावर होतं की ताटातली आमटी कायम एकाच बाजूला असायची. गावकऱ्यांना त्याची सवय होती. पाहुणे मात्र भाताचा बांध घालून जेवायचे.

त्या राज्यात एक रीत होती. मुलगा असो की मुलगी, सोळावं सरलं की राजाकडून एक शेळी मिळायची. "आता तू मोठा झालास, हिच्या जिवावर पुढचं बघ," एवढंच राजा म्हणायचा.

रीत चांगली होती, पण मुलं सोळा वर्षांची होती. कुणाची शेळी जत्रेत जाऊन बांगड्या होऊन परत यायची, कुणाची घरातच रस्सा व्हायची. वर्षभरात बहुतेकांच्या दारात नुसता खुंटा उरायचा.

शेवटी राजा वैतागला. त्याने गावच्या शाळेतल्या पंतोजींना बोलावून घेतलं.

"पंतोजी, यंदा तुमच्या गावात एकवीस शेळ्या दिल्यात. या पोरांना मिळकत, बचत, खर्च, काय असेल ते शिकवा. पुढच्या चैत्री पौर्णिमेला मी स्वतः येतो. त्यातल्या अकरा शेळ्या आपापल्या मालकाच्या दारात उभ्या दिसल्या तर रीत चालू. दहा दिसल्या तर तुमच्या गावाला पुन्हा शेळी नाही. आणि शाळेच्या छपराखाली माझे घोडे बांधीन."

पंतोजी घाबरले, पण फार नाही. गणितात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते घोरायचेसुद्धा पाढ्यात, आणि आकडा चुकला तर स्वतःच दचकून जागे व्हायचे. शेळीशी त्यांची ओळख मात्र तांब्यातल्या दुधापुरती होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकवीस जणांना पाट्या काढायला सांगितल्या.

"शेळीला वर्षाला दोन करडं होतात. म्हणजे एकीच्या झाल्या तीन. पुढच्या वर्षी तिघींच्या नऊ. मग सत्तावीस. मग एक्याऐंशी. आणि पाचव्या वर्षी?"

"दोनशे त्रेचाळीस!" वर्ग ओरडला. या वर्गाचं एकमताने बरोबर आलेलं हे पहिलंच उत्तर होतं.

लोहाराची मुलगी तेवढी पाटीकडे बघत बसली होती. "पंतोजी, सगळ्या माद्याच कशा होतील? बोकड नाही का व्हायचे?"

"धरायचं गं तसं. गणितात धरतात."

"आणि धरलं तसं झालं नाही तर?"

"तर ते गणित राहत नाही. खाली बस."

मुलं हसली. घरी जाताना मात्र कुणी उड्या मारल्या नाहीत. सगळी पाटी छातीशी धरून सावकाश, श्रीमंत माणसासारखी चालत गेली.

त्याच संध्याकाळी तेल्याचा मुलगा कापडवाल्याच्या दुकानात शिरला आणि जरीच्या फेट्यावर बोट ठेवलं.

"पैसे आणलेस?" कापडवाल्याने विचारलं.

"पैसे कशाला? पाच वर्षांनी माझ्या दोनशे त्रेचाळीस शेळ्या होणार आहेत. ही बघा पाटी. खुद्द पंतोजींनी तपासलीय. त्यातल्या तीन तुम्हाला लिहून देतो."

एका फेट्याला तीन शेळ्या! कापडवाल्याने त्याच्या हातून पाटीवर लिहून घेतलं, फेटा स्वतः बांधून दिला आणि वर शेमलाही स्वतःच्या हाताने काढला.

मग काय विचारता! आठ दिवसांत वर्गातल्या प्रत्येकाच्या अंगावर नवं काहीतरी आलं. पंधरा दिवसांत मोठी माणसंही पाट्या घ्यायला लागली. आज वीस शेळ्यांची पाटी एक पोतं ज्वारीला मिळायची, उद्या तिच्यासाठी दोन पोती मोजावी लागायची. घेतली की भाव वाढे, म्हणून जो तो घेत सुटला. कोतवालाने दाराशी बांधलेली खरी दुभती शेळी देऊन एक्याऐंशी शेळ्यांची पाटी घेतली आणि आपण गावाला कसं फसवलं म्हणून रात्रभर हसत बसला.

गावातल्या पाट्या संपल्या. लोक भिंतींवर लिहू लागले, दारांवर लिहू लागले. एकाने तर जागा नाही म्हणून म्हशीच्या पाठीवर चुन्याने नव्व्याण्णव शेळ्या लिहिल्या. म्हैस डबक्यात बसली. तो काठावर छाती पिटत उभा राहिला आणि अख्खं गाव त्याला भेटायला गेलं.

पंतोजींचा तर तोरा विचारू नका. रस्त्याने जाताना माणसं वाकून रामराम करायची. न्हावी चार शेळ्यांच्या बोलीवर वर्षभर दाढी करायला तयार झाला. "पोरं शिकली हो," पंतोजी बायकोला म्हणायचे. "अख्खं गाव शिकलं."

खऱ्या शेळ्यांकडे मात्र कुणी बघेना. ज्याच्या पाटीवर दोनशे त्रेचाळीस, त्याने एकीच्या मागे रानात कशाला फिरायचं? तेल्याच्या मुलाने आपली विकून दुसऱ्याची पाटी घेतली. आणखी पाच जणांनीही तेच केलं. उरलेल्या पंधरा जागच्या जागी बांधलेल्या असायच्या.

दिवाळी झाली. एका सकाळी लोहाराची मुलगी आपली शेळी घेऊन थेट वर्गात आली.

"अगं, शाळेत शेळी?" पंतोजी म्हणाले.

"तिला तुम्हाला काही विचारायचंय."

शेळीने पंतोजींच्या मोठ्या पाटीला नाक लावलं. "ही दोनशे त्रेचाळीस कुणाची म्हणायची?"

"तुझीच. पाच वर्षांनी."

"अगं बाई! आणि मला कुणी विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? गणित आहे ते."

"असेल. पण कळा मला यायच्यात ना? मागल्या खेपेला मला एकच झालं. त्याआधी दोन झाली, त्यातला एक बोकड. एक वर्ष काहीच नाही. माझी बहीण तर रोगाने गेली. ते कुठे मांडलंत?"

पंतोजी लेखणी कानावर ठेवत म्हणाले, "तेवढं सोडून दिलंय."

"बरं, सोडा. पण एवढी खातील काय? पाट्या?"

वर्ग खदाखदा हसला. पंतोजींना हसू आलं नाही. तीस वर्षांत पाटीवरच्या आकड्याला भूक लागते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी ते लोहाराच्या मुलीला घेऊन डोंगरावर गेले. चरण्याची जागा पावलांनी मोजली. एक शेळी दिवसभरात किती चरते ते बसून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या धोतराला कुसळं लागली. हिशोब निघाला तो असा: पाऊस चांगला झाला तर डोंगर पोसणार तीनशे शेळ्या. पाट्यांवर लिहिल्या होत्या पाच हजार एकशे तीन, तेही म्हशीच्या सोडून.

उतरताना पंतोजींनी घरोघरीच्या शेळ्या पाहिल्या. फासळ्या मोजता येत होत्या, आणि मोजणं तर त्यांना चांगलं येत होतं.

"गावाला सांगणार का?" मुलीने विचारलं.

"सांगितलं तर पाट्यांचा भाव पडेल. लोक मला उतारावरून ढकलून देतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"भाव राहील."

"आणि शेळ्या?"

पंतोजी तसेच चावडीकडे वळले.

चावडीवर त्यांनी सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग कोतवाल म्हणाला, "पंतोजी, दमलात तुम्ही. घरी जाऊन पडा जरा. कालच माझ्या पाटीला पाच पोती मिळत होती."

"मग दिली का नाहीस?"

"उद्या सहा मिळतील म्हणून!"

सगळे हसले. कापडवाला तेवढा हसला नाही. तो उठून तेल्याच्या मुलाजवळ गेला. "बाळा, माझ्या तीनपैकी एक आत्ता दे. एकच. शिंग मोडकं असलं तरी चालेल."

"आत्ता कुठून देऊ? पाच वर्षांनी म्हटलंय ना!"

"बरं, तुझी राजाने दिलेली कुठाय?"

मुलगा फेट्याच्या शेमल्याशी खेळू लागला. मग एकदम सगळे उठले आणि ज्याने पाटी लिहून दिली त्याच्या दाराकडे पळाले. दिवे लागेपर्यंत शंभर शेळ्यांच्या पाटीला कुणी मूठभर ज्वारी देईना. दुसऱ्या दिवशी लोकांनी गळक्या छपरांवर पाट्या बसवल्या. कोतवाल एक्याऐंशी शेळ्यांखाली झोपायला लागला, पण दूध मात्र शेजारून मागून आणायचा.

तेल्याचा मुलगा फेट्यापायी चार महिने कापडवाल्याकडे कापडाचे तागे उचलत राहिला. आणि पंतोजी रोज सकाळी वर्ग डोंगरावर नेऊ लागले. पंधरातल्या सहा शेळ्यांना आधीचा उपास सोसला नव्हता. त्या एकेक करून गेल्या. नऊ तगल्या. मुलांनी त्यांना चारलं, पाण्यावर नेलं, रात्री पाळीपाळीने जागून त्यांची बाळंतपणं केली. तेरा करडं झाली. त्यात सहा बोकड होते. ते आता पंतोजींनी पहिल्यांदा मोजले.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोतवाल पंतोजींच्या कानाशी लागला. "पलीकडच्या गावात माझे साडू आहेत. दोन शेळ्या एका दिवसापुरत्या आणतो. राजाला काय, शेळी ती शेळी."

"नको," पंतोजी म्हणाले. "नसलेल्या शेळ्या मोजून झाल्यात माझ्या."

राजा आला. दारोदार फिरला. तेल्याच्या मुलाच्या दारात रिकाम्या खुंट्यापाशी जरा जास्त वेळ थांबला. मग चावडीवर बसून म्हणाला, "नऊ."

"नऊच," पंतोजी म्हणाले. "महाराज, चूक पोरांची नाही. वाढ कशी होते ते मी शिकवलं. ती कशावर होते, ते शिकवायचं राहिलं."

राजाला वाईट वाटलं. पण शब्द दिलेला होता. "रीत बंद," तो म्हणाला. "माझ्याकडून या गावाला पुन्हा शेळी मिळणार नाही. घोडे परवा येतील."

लोहाराची मुलगी पुढे आली. "महाराज, पुढल्या वर्षी गावात पाच जणांना सोळावं सरेल."

"मी एकदा सांगितलं, मुली."

"तुमच्याकडे मागत नाही. आम्हा नऊ जणांकडे सात मादी करडं आहेत. त्यांतली पाच आम्ही देणार. ठरवूनच आलोय."

"आणि तुम्हाला काय उरलं?"

"नऊ शेळ्या, दोन करडं आणि सहा बोकड. बोकड बाजारात नेऊ, त्यातून कडबा घेऊ. डोंगर पुरेल. मोजलाय आम्ही."

राजा मान डोलावून उठला. घोडे मात्र ठरल्याप्रमाणे आले आणि शाळेच्या छपराखाली बांधले गेले. शाळा डोंगरावर भरू लागली. पुढल्या चैत्रात पाच जणांना पाच शेळ्या मिळाल्या, आणि त्या देताना कुणी "मोठा झालास" म्हणालं नाही. आधी प्रत्येकाला डोंगरावर नेऊन गवत मोजायला लावलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या गावात शेळी राजाकडून आली नाही. थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे येत राहिली.

तात्पर्य: उद्या वाढणार आहे ते आज खर्चू नये, आज हातात आहे त्याला आधी गवत घालावं.