धुराकडे बोट

सुळकेवाडीच्या कड्यावर फिरायला आलेली माणसं जेवायला सखूबाई ढेबेंच्या झोपडीत शिरायची. नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. समोरच्या मोठ्या हॉटेलच्या जगनशेठना ते सलायचं. त्यांनी ग्रामसभेत तक्रार केली, "या बाईच्या चुलीच्या धुरानं पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात. चूल बंद करा."

चूल विझली की घर विझलं, हे सखूबाई जाणून होत्या. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या.

"सरपंच, धूर वाईट ठरला तर मी चूल विझवते. पण नियम दोघांना एकच हवा. शेठच्या दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'चुलीवरचं जेवण'. शेठ, तुमचा धूर कुठून निघतो?"

"आमच्याकडं धूर नाहीच," शेठ ऐटीत म्हणाले, "सगळं गॅसवर."

सभेत हशा पिकला. सरपंच म्हणाले, "मग शेठ, चूल बंद करायची तर तुमची खोटी पाटीही उतरवावी लागेल."

शेठनी तक्रार मागं घेतली.

"पाटी राहू द्या, शेठ," सखूबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त कुणी खरी चूल विचारली, तर धुराकडं बोट दाखवा."