सोमवारी आलेलं वैराग्य

“एवढं सगळं सोडलं, बुवा. आता आणखी काय सोडायचं राहिलं?”

जयवंत निगुडकरांनी हे विचारलं तेव्हा रेवणबुवा मठाच्या ओट्यावर घोंगडीचा काठ शिवत बसले होते. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि पाहुण्याच्या पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्यांकडे पाहिलं.

“यात काय आहे?”

“फौज.”

पेट्यांत शिशाचे सैनिक होते, अंगठ्याएवढे. मराठे, मोगल, उंट, तोफा, हत्ती. जयवंतांनी ते वर्षानुवर्षं हौसेनं जमवले होते. बारीक ब्रश घेऊन एकेकाचं पागोटं, एकेकाचा जोडा रंगवला होता. घरातलं कपड्यांचं कपाट रिकामं करून त्यात कप्पे केले, कप्प्यांत कापूस अंथरला, ओल धरू नये म्हणून कोपऱ्यांत खडूचे तुकडे ठेवले. बायकोच्या साड्या पलंगाखाली गेल्या. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर फौजा मांडायच्या, फूटपट्टीनं चाल मोजायची, फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा.

आता हा मोह त्यांनी टाकला होता. फौज मठाला देऊन ते मोकळे होणार होते, आणि तसं भेटेल त्याला सांगतही होते.

“बरं केलंस,” बुवा म्हणाले. “ठेव तिकडे... पण खेळतात कसं, ते तरी दाखव.”

घोंगडी जमिनीवर पसरली. बुवांचं उपरणं मधोमध नदी होऊन पडलं. मोगल बुवांनी घेतले. जयवंतांनी नियम समजावले. बुवांनी मान डोलावली आणि पहिल्याच चालीला सगळे हत्ती नदीत घातले.

“बुवा, तुमची तोफ उलटी आहे. तोंड तुमच्याच माणसांकडे आहे.”

“असू दे. आमच्यात शिस्त जरा कमीच.”

जयवंत रंगात आले. आधी गुडघ्यांवर होते, मग चक्क पालथे झाले. डावीकडून घोडदळ घुसवलं, उजवीकडून तोफा पुढे ओढल्या, आणि बघता बघता मोगलांचा पार धुव्वा उडवला. सदऱ्याला धूळ लागली होती, चष्मा नाकावर घसरला होता, आणि चेहरा असा फुलला होता की बुवाही हसले.

“घरी कुणाशी खेळतोस?”

“मंदाकिनीशी. बायकोशी.”

“कोण जिंकतं?”

जयवंतांनी आडवा पडलेला एक घोडा उभा केला. तो पुन्हा पडला.

“ती...”

“कधीकधी?”

“नेहमीच. डावपेचांची पुस्तकं मी वाचतो, बुवा. ती नुसती गुणगुणत फासे टाकते. गेल्या रविवारी तर चहा निवायच्या आत माझा सेनापती पकडला.”

“आणि वैराग्य कधी आलं?”

“सोमवारी.”

बोलून गेल्यावर जयवंतांना आपलेच शब्द ऐकू आले. कानाच्या पाळ्या तापल्या. मग खांदे हलू लागले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

बुवांनी नदीतला एक हत्ती उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पेटीत कापसावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

“पेट्या बांधल्यास, तेव्हा ती काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमची मर्जी.” जयवंतांनी चष्मा पुन्हा चढवला. “दर शनिवारी ती टेबल मोकळं करून ठेवते, दुसऱ्या दिवसासाठी. आज रविवार. सकाळी निघालो, तेव्हाही टेबल पुसलेलं होतं. लोणच्याच्या बरण्यासुद्धा उचलून ठेवल्या होत्या...”

शेवटचा उंट बुवांनी ठेवला आणि पेटीची कडी लावली.

“आता तिला जाऊन काय सांगू, बुवा?”

बुवांनी घोंगडी झटकली, सुई शोधली आणि पुन्हा काठ हातात घेतला.

“साडेचारला एसटी आहे,” ते म्हणाले. “पेट्या टपावर टाकू नकोस. हादरे बसतात.”