मुंग्यांची होडी

फार पूर्वी एका नदीला एकाएकी पूर आला. उंदरांनी पिल्लं तोंडात धरून टेकडी गाठली. घोरपड बाभळीवर चढली. मुंग्यांचं वारूळ मात्र पाण्यानं वेढलं.

"आता कुठं जाल गं?" घोरपडीनं वरून विचारलं.

"जाणार कुठं? एकमेकींना धरून राहू," म्हातारी मुंगी म्हणाली.

हजारो मुंग्यांनी पायांत पाय गुंतवले. राणीला आणि अंड्यांना मधोमध घेतलं. बघता बघता त्यांचीच तांबडी होडी झाली आणि लाटांवर तरंगू लागली. खालच्या गुदमरायच्या आत वरच्या खाली जात.

संध्याकाळी होडी टेकडीला लागली. आधी अंडी उतरली, मग राणी.

पकड म्हणजे घोरपडीची, असं सारं रान म्हणे. ती घोरपड पुटपुटली, "अशी पकड मी जन्मात पाहिली नाही!"