इजबेलने उसना घेतलेला पुत्र

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा सायबंदरच्या किनाऱ्यावर दीपस्तंभसुद्धा नव्हता. दुःखी मातेचं देऊळ मात्र होतं. तिथले ख्रिस्ती कोळी चर्चला देऊळच म्हणत. आत मारियामाता बसलेली आणि तिच्या मांडीवर क्रुसावरून उतरवलेला तिचा पुत्र. मूर्ती घडवली होती दुमिंग सुतारानं. त्याला होडीशिवाय काही बांधता येत नसे. म्हणून माता वेगळी, पुत्र वेगळा, मध्ये लाकडी खुंट्यांचे सांधे, आणि वरून मुशी माशाच्या तेलाचा हात. देवळात शिरलं की होडीचा वास यायचा.

त्या गावात इजबेल नावाची कोळीण होती. दिवाळीच्या सुमारास वादळ झालं. होडीची फळी परत आली, वल्हं आलं. तिचा एकुलता एक सांतान आला नाही. असं म्हणतात, त्या दिवसापासून इजबेल बसली म्हणून नाही. भात शिजवायची उभ्यानं, खायची चालता चालता. भरतीला किनारा पालथा घालायची, ओहोटी लागली की पुन्हा.

लोकांना दुसऱ्याला धीर शिकवायची भारी हौस. शेजारचा कैतान म्हणाला, "सबुरीनं घे गो इजबेल. एका जागी बस तरी!"

"बसून मांडीवर काय घेऊ? आणि ती सबुरी तुझ्या सुक्या मासळीला चोळ. मी अजून जिवंत आहे."

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता. दुपारच्या उन्हानं गाव पेंगत होतं. इजबेल देवळात शिरली. गुडघे टेकायलाही थांबली नाही.

"तुझा तुला मिळाला तरी," ती मातेला म्हणाली. "मेलेला का होईना, मांडीवर आला. थोडा मला उसना दे."

असं म्हणतात, लोण्यातून निघाव्यात तशा खुंट्या निघाल्या. माणसाएवढा पुत्र तिच्या खांद्यावर वल्ह्याएवढा हलका झाला. ओहोटीच्या पाण्यात तिनं त्याला सोडलं.

"जा बाबा. माझ्या पोराला घेऊन ये."

गाव खवळलं. "हिनं देव बुडवला!" म्हणत लोक तिला ओढत देवळाकडे निघाले आणि दारातच थबकले. दुमिंगनं मातेचे हात पुत्राभोवती मिटलेले घडवले होते. ते आता उघडे होते, तळवे वर. काही देऊन टाकलेल्या बाईचे असतात तसे. लोकांनी इजबेलचा दंड सोडला.

ईस्टरच्या भरतीला पुत्र तरंगत आला. त्याच्या लाकडी हातांवर एक बुडालेला तरुण होता. इजबेल पाण्यात धावली. तोंड पाहिलं. सांतान नव्हता. गळ्यात क्रूस नव्हता, ताईत होता.

"हा आपला नव्हे गो," कैतान हळूच म्हणाला.

तेव्हा इजबेल बसली. ओल्या वाळूत, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

"कुणाचा तरी आहे ना?" ती म्हणाली. "तिकडे ती माझ्यासारखीच धावत असेल. कुणीतरी तिला सांगा, आता बस म्हणावं."

पुत्र पुन्हा मातेच्या मांडीवर गेला, पण खुंट्या पुन्हा कुणी ठोकल्या नाहीत. अजूनही दर वर्षी त्या शुक्रवारी त्याला किनाऱ्यावर नेतात, पाय पाण्याला लावतात, तेलाचा हात देतात. आणि समुद्रानं कुठल्याही गावचा, कुठल्याही देवाचा पोरगा आणून टाकला, तर आधी गावातली एक बाई त्याला मांडीवर घेते. पोलीस, पंचनामा, सगळं मागून. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून कबरीवर एवढंच लिहितात: आई, इजबेल.